स्कूबा करायला जाताय? आधी माणूस पारखा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या स्टाफरूममध्ये कुठे जायचं याच्या गप्पा सुरू होतात. पूर्वी महाबळेश्वर, हैदराबाद, फार तर अजमेर अशी नावं निघायची. आता नव्याने लागलेले शिक्षक थेट ‘स्कूबा’ म्हणतात. घरोघरी तीच हवा आहे. कुणाच्या तरी मोबाइलवर निळ्या पाण्यातला, तोंडात नळी धरून हात हलवणारा व्हिडिओ येतो आणि आठ दिवसांत मावसभाऊ, चुलतबहीण, नवा जावई, सगळ्यांना पाण्याखाली जायचं असतं. मग आमच्याकडे विचारणा होते, कारण आम्ही सहकुटुंब एकदा तारकर्लीला हा प्रकार करून आलोय. विचारणा ठरलेली: “मालवण बरं, गोवा बरं, की पैसे साठवून अंदमान?”

प्रश्न वाईट नाही, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्याला समुद्र कोणता यापेक्षा आपल्या पाठीवरचा सिलेंडर कुणाच्या हातात आहे, हे जास्त महत्त्वाचं. चांगला माणूस गढूळ पाण्यातही तुम्हाला सुखरूप फिरवून आणतो. निष्काळजी माणसाच्या हातात अंदमानचं काचेसारखं पाणीही काही उपयोगाचं नाही.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘स्कूबा’ म्हणतात, ती दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे चाखून बघणं. ना परीक्षा, ना पोहता येण्याची अट. प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो, पंधरा-वीस मिनिटं मासे दाखवतो आणि वर आणतो. ‘पाडी’ या जगभर चालणाऱ्या प्रशिक्षण संस्थेच्या नियमात अशा डाइव्हला वय किमान १० वर्षं लागतं, १२ मीटरपेक्षा खोल जायचं नाही आणि खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे चारांहून जास्त नवखे घ्यायचे नाहीत. दुसरं काम म्हणजे रीतसर कोर्स, ‘ओपन वॉटर’. त्याला तीन-चार दिवस जातात. पुस्तकी भाग, तलावातला सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवावं लागतं. त्यानंतर जे कार्ड मिळतं ते जगभर चालतं आणि जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पहिल्या प्रकाराच्या कितीतरी पट पैसे दुसऱ्याला लागतात. कुणी तुम्हाला एका सकाळच्या फेरीनंतर छापील ‘सर्टिफिकेट’ देत असेल तर ते आठवण म्हणून भिंतीवर लावा, त्याच्या जोरावर दुसरीकडे डाइव्ह मागू नका.

आम्ही भाषा शिकवतो, विज्ञान नव्हे. पण इथे थोडं विज्ञान सांगावंच लागेल, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यातून निघतात. पहिली गोष्ट, त्या सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. आपण श्वासात घेतो तीच हवा, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. दुसरी गोष्ट दाबाची. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. हा फरक सगळ्यात आधी कानाला कळतो. विमानात किंवा घाटात कानाला दडे बसतात तसंच, पण पाण्यात ते पहिल्या एक-दोन मीटरमध्येच सुरू होतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, दुखायच्या आधी, पुन्हा पुन्हा. दुखू लागलं तर थोडं वर यायचं. ज्या माणसाने तुम्हाला धरलंय तो तुमच्या हाताच्या खुणेकडे न बघता खाली खेचत राहिला, तर कानाचा पडदा जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट त्याहून गंभीर. खालच्या दाबाची हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलो, तर ती फुगते. १० मीटरवर भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. फुफ्फुसं रबराची नाहीत. अगदी दीड मीटर वर येतानासुद्धा श्वास रोखला तर इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. आता गंमत बघा, विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्या माणसाची सवय नेमकी उलटी असते. घाबरला की तो श्वास धरतो आणि वर धाव घेतो. त्यामुळे ‘आम्हाला चांगलं पोहता येतं’ म्हणणाऱ्यानेही हे शिकून घ्यायला हवं. आणि ते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात किंवा तलावात शिकवायला हवं, होडीच्या काठावर बसवून नव्हे.

हे सगळं आम्ही आमच्या भाच्याला सांगितलं ते गेल्या हिवाळ्यात. नुकतं लग्न झालेलं, पुण्यात नोकरी, दोघांचं मालवणचं बुकिंग झालेलं. आपाचा फोन आला. “तू मास्तर ना, तुझं ऐकेल तो. त्याला म्हणावं पाण्यात उतरू नको.” आपाची भीती बुडण्याची होती. आम्हाला वेगळीच आठवण झाली. हा मुलगा सहावी-सातवीत असताना दम्याचा पंप खिशात घेऊन शाळेत यायचा. आम्ही विचारलं, “अरे, फॉर्म भरलास का?” तो म्हणाला, “मामू, त्यांनी काही फॉर्मबिर्म दिला नाही. फक्त नाव, नंबर आणि पाचशे अ‍ॅडव्हान्स.”

इथेच माणूस पारखला जातो. नीट काम करणारा कुठलाही डाइव्ह सेंटर पाण्यात उतरवण्याआधी तब्येतीची प्रश्नावली भरून घेतो. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, मधुमेहाची औषधं, गरोदरपण, हे सगळं त्यात असतं. ठरावीक प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही आणल्याशिवाय डाइव्ह नाही. दम्यात श्वासनळ्या आकसतात, हवा छातीच्या एखाद्या कोपऱ्यात अडकून राहते, आणि वर येताना तीच हवा फुगते. लहानपणीचा दमा असलेल्या प्रत्येकाला बंदी असते असं नाही. कित्येकांना तपासणीनंतर परवानगी मिळते. पण ते ठरवायचं छातीच्या डॉक्टरने, बुकिंग घेणाऱ्या पोराने नाही. आमच्या भाच्याची फुंकर मारायची तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. तो दोन दिवस रुसला. मग गेला, बायको प्रशिक्षकाबरोबर खाली गेली आणि हा वर लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलने तिला बघत राहिला. आपाला मात्र वाटतं की आमच्या सांगण्यामुळे तो थांबला. आम्ही तो गैरसमज तसाच ठेवलाय.

सांगायचा मुद्दा, फॉर्म भरताना खोटं लिहू नका. ‘सगळ्याला नाही लिहा, नाहीतर अडतं’ असं काउंटरवरचा माणूसच सुचवू लागला तर आगाऊ रकमेवर पाणी सोडा आणि दुसरीकडे जा. साधं पडसं झालं असेल तरी डाइव्ह पुढे ढकला, कारण नाक चोंदलं की कानातला दाब सारखा करता येत नाही. औषध घेऊन उतरायचं तर त्याचा असर पाण्यात मध्येच संपू शकतो.

फोनवर बोलताना आणखी काय विचारायचं? आम्ही तारकर्लीला गेलो तेव्हा एका काउंटरवर विचारलं की शिकवणार कुठे आणि किती वेळ. उत्तर मिळालं, “बोटीवर पाच मिनिटं, काय नसतं त्यात सर, आमची पोरं धरतात.” तिथून आम्ही उठलो. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी आधी कमरेएवढ्या पाण्यात अर्धा-पाऊण तास घेतला. मास्कमध्ये पाणी शिरलं तर ते नाकाने फुंकून कसं काढायचं, तोंडातली नळी निसटली तर पुन्हा कशी धरायची, खुणा कोणत्या. त्या खुणांतली एक लक्षात ठेवण्यासारखी आहे: आपण ‘मस्त’ म्हणून अंगठा वर करतो, पण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पहिल्यांदा जाणारे निम्मे लोक इथेच गोंधळतात आणि मासे बघायच्या आधीच वर आणले जातात.

विचारा की पाण्यात आमच्याबरोबर येणारा स्वतः प्रमाणित प्रशिक्षक आहे की हाताखालचा मुलगा. पाडीचा प्रशिक्षक असेल तर त्याचा क्रमांक असतो आणि तो पाडीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. खरा माणूस क्रमांक सांगायला कां-कूं करत नाही. एकाजवळ एका वेळी किती पाहुणे? आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याला एकास एकच हवा, नियम चारांची मुभा देत असला तरी. सोबतच्या माणसाच्या अंगावर त्याचा स्वतःचा सिलेंडर असेल का, आणि त्याला जोडलेली जादा नळी? हा प्रश्न विचित्र वाटतो, पण विचारा. बोटीवर प्राणवायूचा संच आहे का? आणि महाराष्ट्रात असाल तर मेरीटाइम बोर्डाचा परवाना दाखवा म्हणा. तो भिंतीवर लावलेला असला तर विचारायचीही गरज नाही.

आणि हो, होडीकडे बघा. लोक पाण्याखालच्या भीतीत इतके गुंतलेले असतात की पाण्यावरची भीती विसरतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. डाइव्ह केव्हाच संपली होती. त्यामुळे बोटीत किती माणसं घेणार, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते जाता-येता अंगावर ठेवायला लावतात का, हे डाइव्हइतकंच नीट विचारा. पोटरीएवढ्या लाटा बघून तांडेल “आज नको” म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. नाही म्हणणारा तांडेल मिळणं ही नशिबाची गोष्ट आहे.

आता जागा. महाराष्ट्रातल्या माणसाला पहिली जागा मालवण-तारकर्ली हीच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. १९८७ साली इथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं ते त्यासाठीच. पाणी उथळ, किनारा जवळ, खर्च कमी. तारकर्लीला एमटीडीसीची स्वतःची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिच्याकडे सरावासाठी खास तलाव आहे आणि पूर्ण कोर्सही होतो. पण अपेक्षा जमिनीवर ठेवा. कर्ली नदी देवबागला समुद्रात मिळते, गाळ येतो, आणि पाणी व्हिडिओतल्यासारखं निळंशार क्वचितच असतं. हिरवट पाण्यात चार-पाच मीटरवरचं दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असते. ऑक्टोबरात सुरू होते, पण पाणी निवळायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीला घाई करण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारी बरा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, गाळ ढवळला जातो. आपल्याला चंद्राचा हिशेब तसाही ठाऊक असतो, तर तारीख घेताना तेवढं बघा. सकाळची पहिली फेरी मागा. वारा पडलेला असतो आणि प्रशिक्षक दमलेला नसतो.

मालवणातली एक गोष्ट आम्हाला खटकते. मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाण्यात पाव, बिस्किटं कुस्करतात, आणि पाहुण्याला फोटोसाठी प्रवाळावर उभं करतात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. एका पावलाने वर्षांची वाढ मोडते. जो समुद्राची पर्वा करत नाही तो गिऱ्हाइकाची करेल, यावर आमचा विश्वास बसत नाही.

गोव्यात ग्रँड आयलंडला बोटी जातात. तिथे चांगले सेंटर आहेत, जुनी बुडालेली जहाजंही आहेत. पण किनाऱ्यावर दलालाकडून मिळणारं स्वस्त पॅकेज बहुतेक वेळा शंभर माणसांची सहल असते. नाच, जेवण, बिअर, आणि मध्येच कुठेतरी पाच मिनिटांची डुबकी. दारू आणि डाइव्ह एका दिवशी नसावी हे डाइव्हिंगवाले स्वतःच सांगतात. आपल्या कुटुंबांना ते वातावरण सोयीचं नाही हे वेगळंच. गोव्याला जायचंच तर दलाल टाळून थेट सेंटरशी बोला आणि त्यांच्या बोटीवर फक्त डाइव्ह करणारे असतात का ते विचारा.

कोकण रेल्वेने आणखी खाली गेलात तर कर्नाटकात मुरुडेश्वर लागतं. समोर नेत्राणी बेट. पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ, मासे भरपूर. अडचण एवढीच की बोटीने तासा-दीड तासाचा प्रवास आहे, उघड्या समुद्रात. ज्याला घाटात गाडी लागते त्याला इथे हमखास बोट लागते. उलट्या करून थकलेल्या माणसाने पहिली डाइव्ह करू नये.

अंदमान महाग आहे, विमानाचं भाडं आहे, पण कोर्स करायचा असेल तर पैसे तिथे खर्च करावेत असं आमचं मत. स्वराज द्वीप, म्हणजे आधीचं हॅवलॉक, इथे नवख्यांना होडीत न बसता किनाऱ्यावरून चालत पाण्यात नेता येतं. हळूहळू खोल होत जाणारं पाणी, काही मीटरवरच प्रवाळ. भीती तिथेच निम्मी होते. बऱ्याच सेंटरना स्त्री प्रशिक्षकही असतात, आधी मागणी केली तर.

लक्षद्वीपचं नाव आमच्या घरात सगळ्यात जास्त निघतं. कारण उघड आहे. ९६ टक्क्यांहून अधिक वस्ती मुस्लिम, जुमा कुठे पढायचा आणि जेवण हलाल आहे का, हे प्रश्नच येत नाहीत, लोकवस्तीच्या बेटांवर दारूबंदी. सरोवरासारखं शांत लगून नवख्याला फारच सोयीचं. मात्र उठलं आणि निघालं असं होत नाही. परवाना काढावा लागतो, कोचीहून जहाज किंवा अगत्तीचं विमान गाठावं लागतं, जागा मर्यादित असतात. महिन्या-दोन महिन्यांची तयारी ठेवा. आणि तिथला समाज पोशाखाच्या बाबतीत आपल्यासारखाच आहे, तेव्हा गावातून फिरताना त्याचं भान हवं.

पोशाखावरून आठवलं, बहिणींचे प्रश्न आम्हाला अनेकदा घरच्यांमार्फत येतात. वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत असतो, पण सगळीकडे पूर्ण बाह्यांचा मिळेलच असं नाही. माप आणि प्रकार आधी विचारा. वर सैल कुर्ता नको, तो पाण्यात अडकतो. हवं तर खाली लेगिंग्ज आणि वर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप घालता येतो. स्कार्फऐवजी वेटसूटच्या कापडाची टोपी, म्हणजे हूड, मिळते. ती केस झाकते आणि मास्कच्या कडेत केस येऊ देत नाही. केसाची एक बट आत राहिली तरी पाणी झिरपतं. कपडे बदलायला बंद खोली आहे का, आणि पाण्यात धरणारी व्यक्ती स्त्री मिळेल का, हे दोन्ही पैसे भरण्याआधी स्पष्ट करून घ्या. किनाऱ्यावर पोहोचल्यावर “आज मॅडम सुट्टीवर” ऐकलं की घरात भांडण ठरलेलं.

दाढीवाल्यांनी घाबरू नये. मास्कची कड वरच्या ओठावर बसते, तेव्हा पाणी झिरपतं ते मिशीमुळे. दाढी राखून मिशी बारीक ठेवणाऱ्यांची सोय आपोआप झालेली आहे. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का विचारावं. आणि हल्ली रमजान थंडीच्या दिवसांत, ऐन हंगामात येतो. रोज्यात डाइव्ह ठेवू नका. शरीरात पाणी कमी असताना डाइव्ह करणं धोक्याचं, शिवाय नळीतून थोडं खारं पाणी तोंडात येतंच. ईदनंतरही एप्रिलपर्यंत वेळ असतो.

शेवटची गोष्ट परतीची. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो, म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास विमानात बसायचं नसतं. उंच जागेलाही हाच विचार लागू पडतो, आणि मालवणहून कोल्हापूर, बेळगावकडे जाणाऱ्यांच्या वाटेत आंबोलीसारखा घाट उभा असतो. सकाळी डाइव्ह आणि दुपारी घाट असा बेत करू नका. ती रात्र किनाऱ्यावरच काढा. संध्याकाळी मालवणच्या जेट्टीवर मासळीच्या होड्या लागतात, मुलांना ते दाखवा, आणि सकाळी नाश्ता करून सावकाश निघा.